अमेरिकी राज्यघटनेतील मर्यादा आणि त्यांचे राखणदार

अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाच्या आणि काँग्रेसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृह व सिनेट या दोन सभागृहांच्या मिळून होणाऱ्या तेथील संसदेच्या, अधिकारांना ज्या मर्यादा घातल्या आहेत, त्यांचा विचार बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत केला जातो: राष्ट्राध्यक्षाला काय करता येत नाही हे एका प्रकरणात आणि काँग्रेसला काय करता येत नाही हे दुसऱ्यात. अभ्यासाच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक असली, तरी तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. या दोन मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. काँग्रेसवरचे बंधन घट्ट केले की पुष्कळदा राष्ट्राध्यक्षावरचे बंधन आपोआप सैल पडते, आणि न्यायालयाला राष्ट्राध्यक्षाला रोखता येते ते बहुतेक वेळा काँग्रेसने त्या बाबतीत आधी काही ठरवून ठेवलेले असते म्हणून. हा परस्परसंबंध हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, १९५२ चा पोलाद कारखान्यांचा खटला आणि १९८३ चा चड्ढा खटला या दोन निकालांच्या आधारे तो उलगडण्याचा येथे प्रयत्न आहे.

१७८७ च्या मे ते सप्टेंबर या महिन्यांत फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेने जी राज्यघटना तयार केली, तिचा पहिला आणि सर्वांत विस्तृत अनुच्छेद काँग्रेसविषयी आहे. कर बसवणे, कर्ज काढणे, परदेशांशी आणि राज्याराज्यांत चालणाऱ्या व्यापाराचे नियमन करणे, नाणी पाडणे, सैन्य उभारणे आणि युद्ध पुकारणे हे अधिकार तेथे काँग्रेसकडे सोपवलेले आहेत. कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज सरकारी तिजोरीतून पैसा काढता येणार नाही अशी आज्ञा आहे. आणि लष्करावरच्या खर्चाची मंजुरी एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदतीची असू नये अशीही अट आहे, कारण शांततेच्या काळातही राजाच्या हुकमतीखाली उभ्या असलेल्या सैन्याचा जाच त्या पिढीने सोसलेला होता. काँग्रेसलाही मोकळे रान दिलेले नाही. घटनेत नमूद केलेले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी लागणारे अधिकार एवढेच तिला आहेत. खटला न चालवता एखाद्या व्यक्तीला कायदा करून दोषी ठरवणे किंवा घडून गेलेल्या कृत्याला मागाहून गुन्हा ठरवणे तिला निषिद्ध आहे. आणि व्यापाराच्या नावाखाली वाटेल त्या विषयात शिरता येत नाही, हे शाळांच्या परिसरात बंदूक बाळगण्यास बंदी करणारा १९९० चा केंद्रीय कायदा १९९५ च्या लोपेझ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला तेव्हा दिसून आले. दुसरा अनुच्छेद राष्ट्राध्यक्षाविषयीचा आहे आणि तो त्या मानाने बराच त्रोटक आहे: सरसेनापतिपद, क्षमादान, सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीने तह, सिनेटच्या मान्यतेने वरिष्ठ नेमणुका, आणि कायद्यांचे निष्ठेने पालन होईल याची काळजी घेण्याचे कर्तव्य. संकटाच्या वेळी राष्ट्राध्यक्षाने काय करावे याबद्दल हा अनुच्छेद जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि दोन शतकांहून अधिक काळ चाललेल्या वादाचे मूळ याच अबोलपणात आहे.

या रचनेची एक नेमकी चिकित्सा मराठी वाचकांच्या परिचयाच्या ठिकाणी सापडते. कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना असे प्रतिपादन केले होते की, लोकशाहीतील कार्यकारी सत्तेकडून स्थैर्य आणि उत्तरदायित्व या दोन्हींची अपेक्षा असते, परंतु दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, तर ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव आणि अभिभाषणावरील चर्चा यांतून सरकारची झडती रोजच्या रोज होत असते, आणि मतदार ती ठरावीक काळाने पुन्हा घेतात; अमेरिकेत यांपैकी रोजची झडती नाही. राष्ट्राध्यक्ष सभागृहात बसत नाही, त्याला तेथे उत्तरे द्यावी लागत नाहीत, आणि महाभियोगाचा अपवाद सोडला तर चार वर्षे त्याला कोणी हलवू शकत नाही. म्हणजेच जी झडती अन्यत्र प्रश्नोत्तराच्या तासाला होते, तिची भरपाई तेथे कायद्यातून, अर्थसंकल्पातून आणि न्यायालयातून करावी लागते. अमेरिकेत अधिकारांच्या सीमारेषांवर इतके खटले का होतात, याचे बरेचसे उत्तर आंबेडकरांच्या या विवेचनात आहे.

या खटल्यांपैकी एक अगदी सुरुवातीचा खटला लहान असूनही पुढच्या साऱ्या विचाराचा पाया ठरण्याच्या योग्यतेचा आहे. फ्रान्सशी सागरावर अघोषित झटापटी चालू असताना काँग्रेसने १७९९ मध्ये कायदा करून फ्रेंच बंदरांकडे जाणारी अमेरिकी जहाजे पकडण्यास अनुमती दिली. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या सरकारने नौदलाला पाठवलेल्या आदेशात मात्र फ्रेंच बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांबरोबर तेथून येणारी जहाजेही पकडण्यास सांगितले. कॅप्टन जॉर्ज लिट्ल यांनी या आदेशानुसार ‘फ्लाइंग फिश’ नावाचे डॅनिश जहाज फ्रेंच बंदरातून येत असताना पकडले. १८०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की, काँग्रेसने जहाजे कोणत्या दिशेची पकडायची हे ठरवून दिलेले असल्यामुळे राष्ट्राध्यक्षाचा आदेश त्यापलीकडे जाऊ शकत नाही, आणि त्या आदेशाने कॅप्टनचे संरक्षणही होत नाही. नुकसानभरपाई त्याने स्वतः दिली पाहिजे. आदेशाचे पालन करणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्यावर हा बोजा टाकणे कठोर आहे, आणि मार्शल यांनाही तो निर्णय सहज घेता आला नव्हता. परंतु या निकालातले तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे: काँग्रेस गप्प राहिली असती तर सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षाला कदाचित हे करता आलेही असते, ती बोलली होती, म्हणून करता आले नाही.

हेच तत्त्व १९५२ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर कसोटीला लागले. कोरियातील युद्ध जून १९५० मध्ये सुरू झाले होते आणि राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी काँग्रेसकडून युद्धघोषणा न घेता, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांचा आधार घेऊन, तेथे सैन्य उतरवले होते. युद्धकाळात महागाईला आळा घालण्यासाठी वेतन आणि किंमत या दोहोंवर सरकारी नियंत्रण होते. पोलाद कामगारांचा करार १९५१ च्या डिसेंबरअखेर संपला. वेतनविषयक मंडळाने वाढीची शिफारस केली. पोलादाची किंमत वाढवू दिल्याखेरीज ती मान्य करण्यास कंपन्या तयार होईनात. आणि कामगार संघटनेने ९ एप्रिल १९५२ पासून देशव्यापी संपाची सूचना दिली. दारूगोळा, रणगाडे, विमाने या साऱ्यांना पोलाद लागते आणि सैनिक आघाडीवर आहेत, या भूमिकेतून ट्रुमन यांनी ८ एप्रिलच्या रात्री कार्यकारी आदेश काढून, म्हणजे विधिमंडळात न जाता राष्ट्राध्यक्षाच्या सहीने निघणाऱ्या हुकमाने, वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना देशातील बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेऊन चालवण्यास सांगितले.

या प्रसंगात ट्रुमन यांच्यापुढे दुसरा मार्ग होता, आणि खटल्याचा गाभा तोच आहे. १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा संपाला ऐंशी दिवसांची स्थगिती मिळवण्याची पद्धत घालून देत होता. तो कायदा ट्रुमन यांच्या नकाराधिकाराला, म्हणजे विधेयक सहीविना परत पाठवण्याच्या अधिकाराला, न जुमानता दोन-तृतीयांश मतांनी संमत झालेला होता. शिवाय संघटनेने सरकारच्या विनंतीवरून आधीच नव्याण्णव दिवस संप पुढे ढकललेला असल्यामुळे पुन्हा त्यांच्याच हातापायांत बेडी घालणे ट्रुमन यांना अन्यायाचे वाटत होते. ही भावना समजण्यासारखी आहे, आणि कामगारांच्या बाजूने पाहिले तर आदरणीयही. पण १९४७ मध्ये त्या कायद्यावर चर्चा चालू असताना, असे तंटे मिटवण्यासाठी सरकारला कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा अशी सूचना काँग्रेसपुढे आली होती आणि ती नाकारली गेली होती. दुसऱ्याच दिवशी ट्रुमन यांनी काँग्रेसला संदेश पाठवून आपली कृती कळवली आणि तिला योग्य वाटेल तो निर्णय घेण्यास सुचवले. काँग्रेसने काहीच केले नाही.

कंपन्या न्यायालयात गेल्या. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश डेव्हिड पाइन यांच्यापुढे सरकारच्या वकिलांनी असा युक्तिवाद केला की, राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकारी अधिकाराला दोनच मर्यादा आहेत, एक मतपेटी आणि दुसरी महाभियोग. घटनेने आखलेल्या साऱ्या सीमा एका वाक्यात पुसून टाकणारे हे विधान इतके टोकाचे होते, की देशभर त्यावर गदारोळ उठला आणि सरकारला त्यापासून अंग काढून घ्यावे लागले. पाइन यांनी एप्रिलअखेर ताब्याला मनाई केली, आणि अवघ्या महिन्याभरात, २ जून १९५२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘यंग्सटाउन’ या नावाने ओळखला जाणारा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी ट्रुमन यांच्या विरोधात दिला. नऊही न्यायमूर्ती आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा स्वतः ट्रुमन यांनी नेमलेले होते, आणि टॉम क्लार्क तर ट्रुमन यांचेच माजी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी होते; तेही विरोधात गेले.

निकालाची बेरीज सहा असली तरी तिच्यामागची कारणे एक नव्हती. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी बहुमताच्या निकालपत्रात सरळ भूमिका घेतली: राष्ट्राध्यक्षाचा अधिकार एकतर काँग्रेसच्या कायद्यातून आला पाहिजे किंवा घटनेतून, येथे दोन्हींचा आधार नाही, कारखाने ताब्यात घेणे हे कायदा करण्यासारखे काम असून ते काँग्रेसचे आहे. न्यायमूर्ती डग्लस यांचा कल याच दिशेचा होता. परंतु फ्रँकफर्टर, बर्टन, क्लार्क आणि रॉबर्ट जॅक्सन या चौघांनी आपापल्या सहमतीच्या निकालपत्रांत भर दिला तो काँग्रेसने आधीच घालून दिलेल्या मार्गावर. क्लार्क यांनी तर गंभीर संकटात राष्ट्राध्यक्षाला काही स्वयंभू अधिकार असतो हे मान्य केले. मात्र काँग्रेसने एखादी पद्धत ठरवलेली असताना तिला बगल देता येत नाही, असे म्हटले. विरोधी मताच्या तिघांची त्यांत भर घातली तर असा निष्कर्ष निघतो की, १९४७ चा कायदा आणि त्या वेळचा नकार नसता, तर निकाल उलट लागण्याची शक्यता बरीच मोठी होती.

सात दशकांनंतरही न्यायालये ज्याकडे वळतात ते मात्र जॅक्सन यांचे निकालपत्र आहे. रूझवेल्ट यांचे अ‍ॅटर्नी जनरल असताना १९४१ मध्ये जॅक्सन यांनी कॅलिफोर्नियातील विमान कारखान्याच्या सरकारी ताब्याचे समर्थन केले होते, आणि पुढे न्यूरेंबर्ग येथील नाझी नेत्यांवरील खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता म्हणून त्यांनी अमर्याद सत्तेची कागदपत्रे जवळून पाहिली होती. सत्तेच्या दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या माणसाचे हे लेखन आहे. त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या कृतींची तीन प्रकारांत विभागणी केली. काँग्रेसच्या उघड किंवा गृहीत संमतीने केलेली कृती असेल तर राष्ट्राध्यक्षाचा अधिकार सर्वांत भक्कम असतो, कारण त्याच्या स्वतःच्या अधिकाराला काँग्रेसने देण्याजोग्या अधिकाराची जोड मिळालेली असते. काँग्रेसने होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, तर दोघांच्या अधिकारांची सीमा अस्पष्ट असलेल्या एका संधिप्रदेशात राष्ट्राध्यक्ष उभा असतो, आणि तेथे अमूर्त सिद्धांतांपेक्षा परिस्थितीची निकड अधिक निर्णायक ठरते. काँग्रेसच्या व्यक्त इच्छेविरुद्ध कृती असेल तर त्याचा अधिकार सर्वांत क्षीण असतो. या विभागणीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात राष्ट्राध्यक्षाची मर्यादा ही स्थिर रेषा उरत नाही. काँग्रेस काय बोलते आणि काय बोलत नाही त्यानुसार ती सरकते. जॅक्सन यांनी वायमार जर्मनीच्या घटनेतील आणीबाणीच्या तरतुदीचे उदाहरण दिले आणि शेवटाकडे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवली: आणीबाणीसाठी कायदे करण्याची सत्ता काँग्रेसच्या हातात असली पाहिजे असे न्यायालय म्हणू शकते, पण ती बोटांतून निसटू न देणे हे फक्त काँग्रेसच करू शकते. हा इशारा ट्रुमन यांच्याइतकाच काँग्रेसच्या सभासदांसाठी होता, आणि तो पुरेसा ऐकला गेला नाही.

सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांच्या विरोधी मतालाही न्याय दिला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला तत्काळ कळवले होते, अंतिम निर्णय तिच्यावर सोपवला होता, आणि तोपर्यंत उत्पादन चालू ठेवणे ही कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणीच होती. यादवी युद्धाच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे उदाहरण या युक्तिवादामागे उभे राहते: १८६१ च्या एप्रिलपासून त्यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली, सैन्य वाढवले, बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करण्याचा हक्क, काही भागांत स्थगित केला, आणि मग ४ जुलैला काँग्रेस बोलावून सारे तिच्यापुढे मांडले. पण फरक असा की, लिंकन यांच्या कृतींना काँग्रेसने मागाहून कायद्यांनी मान्यता दिली. ट्रुमन यांच्या बाबतीत तिने १९४७ मध्ये नाही म्हटले होते आणि १९५२ मध्ये होय म्हटले नाही. निकाल लागताच ट्रुमन यांनी त्याच दिवशी कारखाने मालकांना परत केले. संप झाला, तो त्रेपन्न दिवस चालला. दरम्यान १० जूनला त्यांनी ताब्याचा अधिकार देणारा कायदा मागितला. तोही काँग्रेसने दिला नाही.

हे सारे घडत असताना कोरियातील युद्ध मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत आले नाही. कारखाने घेण्याचा अधिकार नाकारला गेला; ज्या युद्धासाठी ते घेतले होते त्याची घटनात्मकता कोणी तपासली नाही. फिलाडेल्फियाच्या परिषदेत १७ ऑगस्ट १७८७ रोजी या विषयावर जी चर्चा झाली, तिच्यात मॅडिसन आणि गेरी यांनी काँग्रेसला युद्ध ‘करण्या’ऐवजी ते ‘पुकारण्या’चा अधिकार द्यावा अशी दुरुस्ती सुचवली होती, आणि हेतू हा होता की अकस्मात हल्ला परतवण्यास राष्ट्राध्यक्ष मोकळा असावा. या लहानशा मोकळिकीचा विस्तार पुढे एवढा झाला की काँग्रेसने शेवटची युद्धघोषणा १९४२ च्या जूनमध्ये केली, आणि त्यानंतरचे कोरिया, व्हिएतनाम, इराक किंवा अफगाणिस्तान यांपैकी एकही युद्ध रीतसर पुकारलेले नाही. व्हिएतनामच्या बाबतीत राष्ट्राध्यक्षाला लष्करी बळ वापरण्यास मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव ७ ऑगस्ट १९६४ रोजी प्रतिनिधिगृहात एकही विरोधी मत न पडता आणि सिनेटमध्ये केवळ दोन विरोधी मतांनी संमत झाला. जॅक्सन यांच्या भाषेत राष्ट्राध्यक्ष पहिल्या प्रकारात जाऊन बसला, आणि त्याला तेथे बसवणारी काँग्रेसच होती.

त्या युद्धाच्या अनुभवानंतर काँग्रेसने ७ नोव्हेंबर १९७३ रोजी, निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी ओलांडून, युद्धाधिकारांविषयीचा कायदा केला. सैन्य संघर्षात उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षाने अठ्ठेचाळीस तासांत काँग्रेसला कळवावे, आणि साठ दिवसांत तिची मंजुरी न मिळाल्यास सैन्य मागे घ्यावे, ही त्याची मुख्य योजना. २०११ मध्ये लिबियातील कारवाई साठ दिवसांच्या पुढे गेली तेव्हा ओबामा सरकारने हवाई हल्ल्यांचे ते स्वरूप कायद्याला अभिप्रेत असलेला संघर्ष नव्हे अशी भूमिका घेतली; काँग्रेसने मंजुरीही दिली नाही आणि कारवाई थांबवलीही नाही. याउलट, १९७३ मध्येच तिने १५ ऑगस्टनंतर इंडोचायनात लढाईसाठी पैसा वापरता येणार नाही असा कायदा केला होता, आणि त्या तारखेला कंबोडियावरची बाँबफेक खरोखर थांबली. तिजोरीच्या किल्ल्या वापरल्या की मर्यादा प्रत्यक्षात येते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

आता काँग्रेसवरील मर्यादांकडे वळले पाहिजे, कारण गुंतागुंत तेथूनच वाढते. विसाव्या शतकातील सरकारचा पसारा पाहता काँग्रेसला प्रत्येक तपशील स्वतः ठरवणे अशक्य झाले आणि तिने कायद्याने विस्तृत अधिकार राष्ट्राध्यक्षाला व खात्यांना सोपवण्यास सुरुवात केली. यालाही सीमा आहे: १९२८ पासूनचा नियम असा की, अधिकार सोपवताना त्याच्या वापराचे समजण्याजोगे तत्त्व काँग्रेसने घालून दिले पाहिजे. पण या कारणावरून कायदे रद्द झाले ते १९३५ या एकाच वर्षी, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने असे केलेले नाही. १९९८ मध्ये वेगळ्या आधारावर एक कायदा रद्द झाला: संमत झालेल्या अर्थसंकल्पातील एखादी बाब राष्ट्राध्यक्षाने एकट्याने गाळून टाकण्याचा अधिकार काँग्रेसने १९९६ मध्ये त्याला स्वेच्छेने दिला होता, आणि न्यायालयाने सांगितले की दोघांच्या संमतीनेही घटनेतील कायदा करण्याची पद्धत बदलता येत नाही. दात्याची संमती असूनही देणगी अवैध ठरली, हे योग्यच झाले.

अधिकार सोपवायचा, पण दोर हाती ठेवायचा, यासाठी काँग्रेसने १९३२ पासून एक युक्ती योजली होती. तिला विधिमंडळाचा नकाराधिकार म्हणत: कायद्यातच अशी तरतूद असे की, दिलेल्या अधिकाराने घेतलेला निर्णय दोन्ही सभागृहे, किंवा काही वेळा एकच सभागृह, राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय नुसत्या ठरावाने रद्द करू शकेल. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे आणि ब्रिटिश पारपत्र असलेले जगदीश राय चड्ढा विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले होते. मुदत संपल्यावर १९७४ मध्ये त्यांची हद्दपारी स्थगित करण्याचा निर्णय सक्षम अधिकाऱ्याने दिला. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने अशा तीनशे चाळीस जणांच्या यादीतून सहा जणांना वगळणारा ठराव, चर्चा किंवा मतनोंदणी न करता, संमत केला आणि चड्ढा त्या सहांत होते. कारणे न सांगता एका सभागृहाने एका माणसाचे भवितव्य असे पालटावे, यात अन्याय उघड होता. २३ जून १९८३ रोजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी बहुमताच्या वतीने निर्णय दिला की, व्यक्तींचे हक्क बदलणारी काँग्रेसची कृती ही कायदा करण्याचीच कृती असून तिला दोन्ही सभागृहांची संमती आणि राष्ट्राध्यक्षापुढे सादरीकरण या दोन्ही पायऱ्या चढाव्याच लागतात.

घटनेच्या शब्दांकडे पाहिले तर बर्गर यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. परंतु न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी विरोधी मतात जे दाखवून दिले, ते परिणामांच्या दृष्टीने अधिक खरे ठरले. या एका निकालाने जवळजवळ दोनशे कायद्यांतील तशा तरतुदी निरुपयोगी झाल्या. काँग्रेसने दोर हाती आहे म्हणून दिलेले अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे तसेच राहिले, आणि दोर मात्र तुटला. लोपेझ खटल्यात काँग्रेसला घातलेले बंधन राज्यांच्या पथ्यावर पडले. चड्ढा खटल्यातील बंधनाचा लाभ राष्ट्राध्यक्षाला झाला.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण राष्ट्रीय आणीबाणीच्या कायद्याचे आहे. १९७३ मध्ये सिनेटच्या एका विशेष समितीला आढळले की १९३३, १९५०, १९७० आणि १९७१ मध्ये जाहीर झालेल्या चार आणीबाण्या तांत्रिकदृष्ट्या अजून चालूच आहेत, आणि आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाला विशेष अधिकार देणाऱ्या किमान चारशे सत्तर तरतुदी कायद्यांत विखुरलेल्या आहेत. म्हणून १९७६ च्या कायद्याने आणीबाणीच्या घोषणेला रीत लावली आणि दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना, ती संपवण्याची तरतूद ठेवली. चड्ढा निकालानंतर ती टिकणे शक्य नव्हते. १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन तिच्या जागी संयुक्त ठराव आला, ज्यावर विधेयकाप्रमाणेच राष्ट्राध्यक्षाची सही लागते. आणीबाणी जाहीर करणाऱ्यालाच ती संपवण्याच्या ठरावावर नकाराधिकार मिळाला. म्हणजे १९७६ मध्ये साध्या बहुमताने होणारे काम १९८५ नंतर व्यवहारात दोन-तृतीयांशाचे झाले. नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणसंबंधी जाहीर झालेली आणीबाणी वर्षामागून वर्ष वाढवली गेली आहे.

२०१९ मध्ये या बदलाची परीक्षा झाली. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते. पस्तीस दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद राहिल्यानंतर काँग्रेसने १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामांसाठी मंजूर झालेला निधी भिंतीकडे वळवण्याचा मार्ग सरकारने घेतला. प्रतिनिधिगृहाने २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटने, ट्रम्प यांच्याच पक्षाच्या बारा सभासदांसह, ५९ विरुद्ध ४१ मतांनी आणीबाणी संपवण्याचा ठराव केला. १९७६ पासून दोन्ही सभागृहांनी असे करण्याची ही पहिलीच वेळ होती. दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि २६ मार्चला प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ असे मतदान होऊन दोन-तृतीयांशाचा प्रयत्न फसला. जॅक्सन यांच्या कसोटीने पाहिले तर काँग्रेसची इच्छा येथे १९५२ पेक्षाही स्पष्ट होती, कारण पैसा नाकारून आणि ठराव करून ती दोनदा बोलली होती. पण जुन्या कायद्यांनी दिलेले अधिकार तसेच उभे होते, आणि भिंतीवरील खर्चाला खालच्या न्यायालयाने केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी स्थगित केली. अंतिम निर्णय होण्यापूर्वीच जानेवारी २०२१ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी संपवली, आणि मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

भारताने हाच पेच दुसऱ्या बाजूने सोडवला आहे. जून १९७५ मध्ये जाहीर झालेल्या आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ असा बदलला की, घोषणा एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्य केली नाही तर ती आपोआप संपते, आणि मान्य झाली तरी दर सहा महिन्यांनी तशीच मान्यता पुन्हा घ्यावी लागते. येथे संसद गप्प राहिली तर आणीबाणी मावळते. अमेरिकेत काँग्रेस गप्प राहिली तर ती चालू राहते, आणि बोलली तरी बहुधा चालूच राहते. अमेरिकेतही २०१९ पासून अशाच धर्तीची विधेयके मांडली गेली आहेत, ज्यांनुसार काँग्रेसने तीस दिवसांत मंजुरी न दिल्यास घोषणा रद्द होईल. चड्ढा निकालाची अडचण या मार्गाला येत नाही, कारण काँग्रेस येथे मागाहून काही रद्द करत नाही; अधिकार देतानाच तो मुदतीचा देते, आणि मुदत वाढवणे दोन्ही सभागृहांच्या होकारावर ठेवते. अडचण आहे ती अशा विधेयकाचा कायदा होण्याची. त्यासाठी एकतर स्वतःचे अधिकार कमी करणाऱ्या कागदावर सही करणारा राष्ट्राध्यक्ष हवा, जसे १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड होते, किंवा १९७३ च्या नोव्हेंबरात जमले होते तसे पक्षभेद ओलांडणारे दोन-तृतीयांश सभासद हवेत.